दंडावरचं निळं

जीन्सचा निळा रंग हाताला लागला की लवकर जात नाही. साबण लावा, राख लावा, काय वाटेल ते करा. सोनिवलीत हे नूतनइतकं कोणाला ठाऊक नसेल, कारण उल्हासनगरहून येणारे गठ्ठे तिच्याच ओटीवर उतरायचे. टेम्पोवाला दाणकन गठ्ठा टाकून जायचा आणि मग ही कातर घेऊन शिलाईचे सुटलेले धागे कापत बसायची. नखं निळी, तळवे निळे. घाईत नाक पुसलं तर नाकही निळं. नवरा भूपेश तिला हसायचा आणि वर तिच्याच हातची भाकर मागून घ्यायचा.

त्यामुळे भातकापणीच्या दिवसांत सासूच्या दंडावर निळा डाग दिसला तेव्हा नूतनला दुसरं काही सुचलंच नाही.

"आई, गठ्ठ्याला टेकून झोपू नका म्हटलं होतं ना? रंग लागला बघा. घासा जरा."

मोतीबाईनं न्हाणीत बसून काथ्यानं घासलं. डाग हलला नाही. दुसऱ्या दिवशी तो वाढलेला दिसला आणि मांडीवर आणखी एक उमटला.

"जात नाय गो," मोतीबाई म्हणाली.

"वरवर घासून कसा जाईल? जोर लावा की."

मोतीबाईनं जोर लावला. ती साठीची बाई, पण अंगानं काटक. आजवर भाताचे भारे डोक्यावरून वाहिलेली, कधी कमरेला हात लावून उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती. आणि नुसती कामाची नव्हे, मानाची. ती गावची धवलारीण. आगरी लग्नात भटजी येतो तो उशिरा. आधी हळद कुटायला, मांडव घालायला धवलारीण लागते. ती धवल्याची गाणी गाते आणि मागून बाया ती ओढतात, तेव्हा कुठे लग्न लागल्यासारखं वाटतं. आसपासच्या गावांतूनही मोतीबाईला बोलावणं यायचं. नवऱ्याला, हरिचंद्रला, लोक 'धवलारणीचा दादला' म्हणायचे आणि म्हाताऱ्याला त्याचा राग नव्हता.

तर अशी ही बाई त्या वर्षी कापणीला बसायला लागली. चार मुठी भात कापलं की विळा ठेवायचा आणि बांधावर टेकायचं. तोंड पांढरंफटक. संध्याकाळी अंगात कणकण. मिश्री लावून चूळ भरली की पाणी लाल यायचं. घरातल्यांनी मिश्रीला शिव्या घातल्या आणि विषय संपवला.

नूतनला मात्र ह्या बसण्याचा भयंकर राग यायचा. त्याला कारण होतं. खालचं खाचर मोतीबाईला तिच्या बापानं दिलेलं, तिच्याच नावावर. तीन बाजूंनी इमारती आल्या होत्या, वरच्या गॅलरीतून लोक खाचरात दुधाच्या पिशव्या टाकायचे. बिल्डरचा माणूस सारखा खेपा घालत होता. भूपेशला जमीन बिल्डरला देऊन टाकायची होती. नूतनला तर फारच द्यायची होती, तिचं मन त्या इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये कधीच राहायला गेलं होतं. मोतीबाई म्हणायची, "मी हाय तवर भात व्हईल. मंग काय करायचा ता करा."

झोडणीच्या दिवशी भडका उडाला. खळ्यावर भूपेश आणि नूतन पेंढ्या आपटत होते, हरिचंद्र पेंढा रचत होता. ऊन तापलेलं, भाताची कुसं गळ्यात, पाठीत, सगळीकडं. मोतीबाई सूप घेऊन वारवायला उभी राहिली आणि दोनदा सूप हलवून मटकन खाली बसली. तेवढ्यात बिल्डरचा माणूस आला. मोतीबाईनं बसल्या बसल्याच त्याला हात हलवून वाटेला लावलं. भूपेश पेंढी टाकून त्याच्या मागं धावला, समजूत घालायला.

नूतनचं डोकंच सणकलं.

"स्वतःच्यानं सूप उचलत नाही आणि जमीन धरून बसायची! आमच्या जिवावर? उठा!"

"बसू दे जरा. डोल्यापुढं कालोख येतंय."

"बिल्डरचा माणूस आला तेव्हा बरा नव्हता आला काळोख! नाटकं नुसती. उठा म्हणते ना!" आणि तिनं सासूचा दंड धरला, चांगला घट्ट धरला, हलवला आणि वर ओढला.

मोतीबाई उठली. सूप घेऊन वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली. हरिचंद्र पेंढ्यामागं होता, त्याला दिसलं नाही. शेजारच्या खळ्यावर बनूबाई होती. तिलाही दिसलं नसेल, पण ऐकू मात्र सगळं गेलं. नूतनचा आवाज तसा पार बारवी धरणापर्यंत जायचा.

तुळशीचं लग्न झालं आणि गावात लग्नांची दाटी सुरू झाली. बनूबाईच्या नातीचं, सईचं, लग्न निघालं. हळदीला मोतीबाई नाही असं होणंच शक्य नव्हतं. अंगात ताप होता तरी ती गेली. आंघोळ करून, नवं लुगडं नेसून, आंबाडा घालून.

मांडवात उखळाभोवती बाया जमल्या. मुसळांना आंब्याची पानं बांधली. बाहेर डीजेवाला अजून वायरी जोडत होता म्हणून बरं, नाहीतर ऐकू आलं नसतं. मोतीबाईनं धवला सुरू केला. पहिल्या ओळी नेहमीसारख्या खणखणीत. मग आवाज खरखरला. मग ओळ अर्ध्यावर सुटली. बायांना वाटलं, विसरली. विसरणारी बाई नव्हे ती. तिनं तोंडाला पदर लावला, आणि पदर खाली आला तेव्हा त्यावर लाल होतं.

"मिसरी कमी कर गो बाय," बनूबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मोतीबाईही हसली, तर दातांच्या फटी लाल.

मग हळद लावायला सुरुवात झाली. नवरीला लावून झाली की बाया एकमेकींना फासतात, त्यात लहानमोठं कोणी बघत नाही. बनूबाईनं हळदीचा हात घेऊन मोतीबाईला धरलं, पोलक्याची बाही वर सारली, आणि हात तिथंच थांबला.

दंडावर काळंनिळं होतं. जुनं हिरवट झालेलं, नवं जांभळं. आणि त्यात एका ठिकाणी चार बोटं उमटलेली, अगदी शेजारी शेजारी.

"कोनी मारला?" बनूबाईनं विचारलं.

आता खरं तर सांगायला काय होतं? रंग आहे म्हणायचं. पडले म्हणायचं. पण मोतीबाईनं मान वळवली आणि पलीकडं हळदीचं ताट धरून उभ्या असलेल्या सुनेकडं एकदा बघितलं. फक्त बघितलं. मग बाही खाली ओढली.

"काय नाय. कामानं झाला आसंल."

झालं! सगळ्या बाया नूतनकडं बघायला लागल्या. तिच्या तोंडून निघालं ते असं: "जीन्सचा रंग आहे तो! घासत नाहीत नीट!"

कोणी हसलं नाही. बनूबाईनं बाही पुन्हा वर सारली आणि आपल्या बोटावर थुंकी घेऊन तो डाग सगळ्यांसमोर चोळून बघितला. बोट होतं तसंच निघालं, निळं काही झालं नाही. बाहेर डीजे सुरू झाला आणि नवरीची बहीण नूतनच्या हातातून ताट काढून घेऊन गेली.

त्यानंतरचे दिवस नूतनला कुत्र्यासारखे गेले. नळावर ती गेली की हंडे भरणाऱ्या बाया गप्प. पोरांना शाळेच्या रिक्षात बसवायला गेली की बायका पदर सावरून बाजूला. कोणी तोंडावर बोलेना, म्हणजे भांडताही येईना. टेम्पोवाल्यानं गठ्ठा उतरवताना विचारलं, "भाभी, गाव में क्या सुन रहा हूँ?" तेव्हा तिला वाटलं, धरणी फाटावी आणि आपण आत जावं. उल्हासनगरच्या कारखान्यापर्यंत बातमी पोचली होती!

हरिचंद्र म्हाताऱ्यानं तिच्या हातचा चहा घ्यायचं सोडलं. स्वतः उठून चूल पेटवायचा, काळा चहा करायचा, अर्धा मोतीबाईला द्यायचा. तिनं एकदा कप पुढं केला तर म्हणाला, "ठेव. मी करीन." बस, एवढंच.

आणि भूपेश. त्यानं जेवताना भाकर मोडत, ताटातून डोकं वर न काढता विचारलं, "नूतन, खरं सांग. हात लावलास तू आईला?"

"तुम्हीपण?" ती किंचाळली. "पोरांची शपथ, मी मारलं नाही!"

मारलं नाही हे खरंच होतं. पण त्यानं हात लावलास का म्हणून विचारलं होतं, आणि तिनं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं दिलं होतं. हे तिला स्वतःला नीट ठाऊक होतं, आणि ती चार बोटं कोणाची हेही. एवढ्याशा धरण्यानं असं उमटतं का कोणाला? तिनं न्हाणीत जाऊन स्वतःचा दंड तसाच धरून बघितला, नखं रुतेपर्यंत. लाल झालं आणि गेलं. मग तिला वाटलं, म्हातारी मुद्दाम करते. रात्रंदिवस घासते आणि काळं करते, मला बदनाम करायला. असं वाटलं तिला, लाज वाटायच्या ऐवजी हे वाटलं.

रविवारी नणंद आली. उन्नती विठ्ठलवाडीला राहायची, बँकेत कामाला होती. आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलत आली. "वहिनी, जमिनीसाठी म्हातारीचे हात पिरगळतेस? लाज नाही वाटत? दादा, तू काय बांगड्या भरल्यात? मी आईचं मेडिकल करणार. डॉक्टरकडून लिहून घेणार आणि पोलिसात देणार."

"कर ना!" नूतनही पेटली. "कर मेडिकल! मीपण येणार. माझ्यासमोर होऊ दे, काय ते!"

मोतीबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिला एवढंच कळलं की डॉक्टरकडं न्यायचंय आणि रक्त काढायचंय. ती घाबरली. भूपेशला जवळ बोलावून म्हणाली, "माझा डोका फिरला आसा लिवून घ्याल ना? जमीन घ्याया?"

भूपेशनं खाली मान घातली. ते बोलणं ऐकून त्या घरात कोणालाच वर बघता येईना.

बदलापूर स्टेशनजवळच्या दवाखान्यात सगळी वरात गेली. डॉक्टर उन्नतीचं ऐकत होता, पण बघत होता मोतीबाईच्या पायांकडं. त्यानं लुगडं घोट्यापासून थोडं वर करायला सांगितलं. नडगीवर बारीक बारीक लाल ठिपके होते, मुंग्या चावल्यासारखे. हिरड्या बघितल्या. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. "किती दिवस ताप येतोय?" विचारलं. कोणालाच सांगता येईना. एका घरात राहणारी माणसं, पण कोणालाही माहीत नाही!

"मार लागल्याचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाला. "आधी रक्त तपासा. आत्ताच्या आत्ता, खालीच लॅब आहे."

लॅबमध्ये किर्ती नावाची मुलगी होती. तिनं रक्त काढलं, कुपी हलवली आणि मशीनला लावली. मशीन मिक्सरच्या दुप्पट असेल नसेल. एक बारीक नळी कुपीत उतरली, थेंबभर रक्त ओढून घेतलं, आत घरघर झाली. नूतन काचेतून बघत उभी होती. किर्तीनं पडद्याकडं बघितलं, मग कुपीकडं, मग पुन्हा पडद्याकडं.

"काय झालं?" नूतननं विचारलं.

"पुन्हा घ्यावं लागेल रक्त."

"का?"

"मशीन पेशी मोजतं. लाल किती, पांढऱ्या किती, रक्त थांबवणाऱ्या किती. काही पेशी त्याला नेहमीसारख्या वाटल्या नाहीत, म्हणून खूण करून ठेवलीय. गुठळी झाली असेल तरी असं होतं. म्हणून एकदा परत."

पुन्हा सुई टोचली. ह्या वेळी रक्त थांबेचना. कापूस भिजला, दुसरा भिजला. किर्ती म्हणाली, "ताई, जरा दाबून धरा." नूतननं हात पुढं केला, पण उन्नतीनं तो झिडकारला आणि स्वतः दाबून धरलं. बाकड्यावर बसलेल्या अनोळखी लोकांनी ते बघितलं.

नूतन दाराशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावर रिक्षावाले 'कात्रप, कात्रप' ओरडत होते. तिनं डोळे मिटले आणि गावदेवीला नवस बोलली. बाई गं, ह्या रक्तात काहीतरी निघू दे. माझ्यावरचं हे जाऊ दे. तुझी ओटी भरीन, खणानारळानं भरीन. काहीतरी म्हणजे नेमकं काय निघू दे, ते तिनं देवीला सांगितलं नाही. तेवढा विचारच केला नाही.

दुसऱ्यांदाही मशीननं तीच खूण केली. लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंगवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या. मग त्यांनी वरच्या डॉक्टरला फोन केला.

डॉक्टरनं तिघांनाच आत बोलावलं. मोतीबाई बाहेर हरिचंद्रजवळ बसली, त्यानं तिला केळं सोलून दिलं होतं.

"रक्त थांबवणाऱ्या पेशी अगदी कमी झाल्यात," डॉक्टर म्हणाला. "म्हणून हिरड्यांतून रक्त, म्हणून हे डाग. अशा माणसाला नुसतं धरलं तरी काळंनिळं पडतं."

"म्हणजे कोणी मारलेलं नाही ना?" नूतननं विचारलं.

"तो प्रश्नच नाही आता. मशीननं ज्या पेशींवर खूण केली, त्या लॅबच्या डॉक्टरांनी स्वतः बघितल्या. कच्च्या पेशी आहेत, ज्या रक्तात दिसायला नकोत. ब्लड कॅन्सर असू शकतो. असू शकतो म्हणतोय मी. नक्की काय ते मुंबईला मोठ्या दवाखान्यात हाडातला मगज तपासून सांगतील. पण थांबू नका. उद्याच न्या."

उन्नतीनं तोंडावर हात घेतला. भूपेशनं टेबलाची कड धरली.

"पण मारलेलं नाही, हे तुम्ही सांगताय ना?" नूतननं पुन्हा विचारलं. "ह्यांना सांगा ना. ह्यांना नीट सांगा."

"नाही हो. आजारानं झालंय," डॉक्टर जरा चिडूनच म्हणाला.

आणि नूतनला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं? झाला. छातीवरची धोंड उतरावी तसं मोकळं वाटलं. तिनं उन्नतीकडं बघितलं, बघ आता, अशा नजरेनं. उन्नती रडत होती. तिचं रडणं बघून मग नूतनला कळलं की आपण रडत नाही आहोत. तिनं घाईघाईनं पदर डोळ्यांना लावला. डोळे कोरडे होते. आपण काय माणूस आहोत, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण येऊन गेलं एवढंच, थांबलं नाही.

बाहेर येण्याआधी भूपेशनं दोघींना सांगितलं, "आईला आत्ता काही बोलायचं नाही. अंगात रक्त कमी आहे, एवढंच. तिकडं नक्की कळू दे, मग मी सांगीन. हळूहळू सांगीन."

सगळ्यांत जास्त मान नूतननंच हलवली.

उन्नती तिथूनच विठ्ठलवाडीला गेली. जाताना आईदेखत वहिनीचा हात धरून म्हणाली, "चुकलं माझं. मला रजा नाही गं, वर्षाखेरीचं काम आहे. बायकांच्या वॉर्डात दादाला घेणार नाहीत. आईजवळ तूच आहेस आता." नूतन म्हणाली, "असू दे गं." आवाजात इतका मोठेपणा आला होता की तिचा तिलाच ओळखू येईना. भूपेश उद्याच्या गाडीचं बघायला परस्पर गेला. म्हातारा, म्हातारी आणि नूतन रिक्षानं घरी आले. मोतीबाई आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. हरिचंद्र म्हशीचं बघायला गोठ्यात गेला.

दिवस मावळायला आला होता. नूतन ओटीवर बसून मुंबईला न्यायच्या पिशवीत कपडे भरत होती, तोच बनूबाई आली. बरोबर तिच्या दोघी जावा. हातात लग्नातल्या बुंदीचं ताट, वर रुमाल. ताट हे निमित्त होतं.

"कं बोलला डाक्टर?" बनूबाईनं विचारलं. "दिला का लिवून? पोलिसात जानार कं उन्नती?"

जावा एकमेकींकडं बघून हसल्या.

नूतन उठलीच. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं.

"बसा! बसा, सांगते काय बोलला! कोणी मारलं नाही म्हणून बोलला. मशीननं सांगितलं, एकदा नाही, दोनदा! रक्त काढून मशीनमध्ये घातलं आणि मशीननं खूण केली, डॉक्टरीणबाईनं डोळ्यांनी बघितलं. नळावर माझ्यापासून हंडे लांब घेत होतात ना? आता जाऊन सांगा सगळ्यांना! आजारानं होतात ते डाग. नुसतं धरलं तरी काळं पडतं. कॅन्सर आहे त्यांना! रक्ताचा कॅन्सर! नूतननं नाही मारलं, कॅन्सर झालाय म्हणून आहे ते!"

आवाज तसाच, बारवीपर्यंत जाणारा.

बनूबाई तिच्याकडं बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागं बघत होती. जावांनी ताटावरचा रुमाल उगाच सारखा केला.

नूतन वळली. मोतीबाई दाराची चौकट धरून उभी होती. आंबाडा सुटलेला, दंडाला लॅबमधली पट्टी, आणि पट्टीभोवती तळहाताएवढं काळं झालेलं.

"कोनाला झालाय?" तिनं विचारलं.

नूतननं वाकून ओटीवरचं लुगडं उचललं आणि पिशवीत कोंबलं.

"मना?" मोतीबाई म्हणाली.

बनूबाईनं पुढं होऊन तिला धरायला हात लांबवला आणि मग, कुठं धरावं ते न कळून, तसाच मागं घेतला. "आसा काय नाय गो मोते. डाक्टर काय पन बोलतान."

मोतीबाईनं तिच्याकडं बघितलं. मग जावांकडं. म्हणाली, "हिनं मना मारला नाय. हात पन लावला नाय कदी. ऐकलाव ना? जा, सांगा सगल्यांना."

बाया ताट ओटीवर ठेवून निघून गेल्या. वळून बघायची कोणाची हिंमत झाली नाही.

नूतन खाली बसली. "आई," ती म्हणाली, "मी लावला होता हात. खळ्यावर. दंड धरला होता मी."

"मना म्हाईत हाय. दंड माझा व्हता."

"मग हळदीला का नाही सांगितलंत, की पोरीनं नुसतं धरलं होतं म्हणून?"

"राग व्हता तवा तुझा. लय राग व्हता. वाटला, कलू दे लोकांना."

"आणि आत्ता? आत्ता का खोटं बोललात?"

मोतीबाई चौकटीला धरून हळूहळू उंबऱ्यावर टेकली. तिला दम लागला होता. गोठ्यातून म्हाताऱ्याच्या बादलीचा आवाज येत होता, त्याला अजून काही माहीत नव्हतं.

"आता मना दवाखान्यात कोन नेनार?" ती म्हणाली. "उन्नतीला रजा नाय. भूपेसला बायांच्यात घेत नाय. तूच ऱ्हानार माझ्याजवल. हागाया-मुताया तूच नेनार. तुना राग आनून मी कुठं जाऊ?"

नूतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असं नका हो बोलू आई, असं म्हणायचं होतं, पण कोणत्या तोंडानं म्हणणार? नवस पावला होता. तिच्यावरचं सगळं गेलं होतं. सकाळपर्यंत गावभर होईल की नूतन बिचारी चांगली, उगाच तिला बोललो. कोणीतरी आत्ता यावं आणि आपल्याला चार शिव्या घालाव्यात, झिंज्या धरून ओटीवरून खाली ओढावं, असं तिला वाटलं. पण शिव्या घालायला आता गावात कोणी उरलं नव्हतं.

मोतीबाईनं पदर सावरला.

"नूतन," तिनं विचारलं, "उद्याला कवा निघायचा? तुना कवा बरा पडंल?"

इतक्या वर्षांत ती सुनेशी अशा मऊ, दबक्या आवाजात कधी बोलली नव्हती.